पोरांना घेऊन स्ट्रॉबेरी तोडायला चाललाय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेत दिवसाच्या शेवटी ठेवणं. आधी पांचगणीचं टेबललँड, मग महाबळेश्वरचे दोन-तीन पॉइंट, मग जेवण आणि "जाता जाता शेतात जाऊ", असा प्लॅन केला की चार-पाच वर्षांचं पोर तोवर दमून किरकिर करायला लागलेलं असतं, ऊन चढलेलं असतं, आणि सकाळच्या गर्दीने चांगली लाल फळं आधीच तोडून नेलेली असतात. लहान मुलांचा उत्साह जेमतेम अर्धा तास टिकतो, तो अर्धा तास सकाळचा शेताला द्या, पॉइंट कुठे पळून जात नाहीत. सकाळी फळ गार आणि टणक असतं, दुपारी तापलेलं फळ हातातच मऊ पडतं.

दुसरं म्हणजे सीझन न बघता जाणं. महाबळेश्वर, पांचगणी, भिलार भागात पाऊस सरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड होते, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर बऱ्याच ठिकाणी नुसती रोपं आणि फुलं दिसतील, आणि मे महिन्यात बहर संपलेला असतो. डिसेंबरअखेर ते मार्च हा काळ बेस्ट, त्यातही शनिवार-रविवार आणि नाताळची गर्दी टाळता आली तर फारच छान.

वाईहून पसरणी घाट चढायच्या आधी मुलांना पोटभर मिसळ, वडे, दूध असं काही देऊ नका, उलटी ठरलेली. थोडं कोरडं खायला द्या, खिडकी उघडी ठेवा, मोबाईल काढून घ्या.

शेतात शिरायच्या आधी विचारा, प्लीज विचारा. "दादा, मुलांनी तोडलं तर चालेल का? किलोला काय भाव? आत खाल्लेलं चालतं का?" कुठे एंट्री फी घेतात, कुठे तोडलेलं वजन करून पैसे, कुठे फक्त बघू देतात. हे आधी न बोलता नंतर काट्यावर वाद घालणारे लोक बघितले की खूप वाईट वाटतं, त्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न या चार-पाच महिन्यांत असतं हो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग, मिळाला तो याच लोकांच्या कष्टाने.

आता तोडायचं कसं, इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. मुलं फळ धरून ओढतात आणि कधीकधी अख्खं रोपच हलतं. फळाच्या वरचा देठ दोन बोटांच्या नखांनी खुडायचा, हिरवी टोपी फळालाच राहू द्यायची. आधी तुम्ही एक खुडून दाखवा, मग मुलाचा हात धरून एक, मग सोडा त्याला. आणि फळ उलटं करून बघायला शिकवा, वरून लाल पण खालून पांढरं असेल तर राहू द्या, कारण स्ट्रॉबेरी तोडल्यावर घरी पिकत नाही, केळ्यासारखं तिचं नसतं, आंबट ती आंबटच. चालायचं फक्त सरीतून, वाफ्यावर पाय नको, त्यावर अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर फाटतो आणि खाली ठिबकच्या नळ्या असतात. फोटोसाठी पोराला वाफ्यात उभं करणं तर अजिबात नको.

पिशवी नेऊ नका, खालची फळं दबून रस होतो. पसरट डबा, फार तर दोन थर. प्रत्येक मुलाला वेगळा छोटा डबा द्या, भांडणं निम्मी कमी होतात.

तोडलं की तोंडात, हे मुलं करणारच. पण फवारणी कधी झाली ते शेतकऱ्याला विचारा, सोबत प्यायच्या पाण्याची बाटली ठेवा आणि धुऊनच द्या. अगदी लहान बाळाला अख्खं फळ नको, बारीक तुकडे करून द्या, घशात अडकू शकतं. पहिल्यांदाच खात असेल तर एखादंच देऊन थांबा. तोंडाभोवती नुसती लाली आली तर पुसा आणि लक्ष ठेवा, पण अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले तर लगेच डॉक्टर, आणि श्वासाला त्रास वाटला तर एक मिनिटही न थांबता जवळचं हॉस्पिटल गाठा.

पोर मध्येच कंटाळलं, रडायला लागलं तर जबरदस्ती नको. "सगळ्यात मोठी शोध", "जुळी फळं शोध" असं काही द्या, नाही जमलं तर निघा सरळ. भिलारला असाल तर पुस्तकांचं गाव तिथेच आहे, २०१७ पासून तिथल्या बऱ्याच घरांत पुस्तकं ठेवलीयत, थोडी मोठी मुलं तिथे छान रमतात.

परतताना डबा डिकीत टाकू नका, आत तापून फळं पाणी सोडतात, पायाशी सावलीत ठेवा. घरी आल्यावर लगेच धुऊ नका, दबलेली आधी वेगळी काढा, बाकीची डब्यात टिश्यू घालून एका थरात फ्रीजमध्ये आणि खाताना धुवा. दोन दिवसांत संपवा. दबलेल्यांचा त्याच रात्री साखर घालून जॅम आटवा, मुलांना ढवळायचं असतंच पण तो चटका फार वाईट, त्यांना लांब बसून देठ काढायचं काम द्या.