जुन्या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी टॉर्क कन्व्हर्टर निवडताना

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा डबा. गाडीचं नाव सांगून कन्व्हर्टर मागवू नका, गिअरबॉक्सचा नंबर सांगा. इतक्या वर्षांत कोणी कुठला गिअरबॉक्स बसवला असेल, सांगता येत नाही. साठच्या दशकातल्या मर्सिडीजच्या चारगिअरी ऑटोमॅटिकमध्ये तर टॉर्क कन्व्हर्टर नसतोच, साधं फ्लुइड कपलिंग असतं, जे टॉर्क न वाढवता ताकद फक्त पुढे देतं.

आधी दोष कन्व्हर्टरचाच आहे ना, ते पाहा. उठाव गेलाय पण वेग धरल्यावर गाडी नीट पळते, म्हणजे स्टेटरचा (ऑइलचा प्रवाह वळवून टॉर्क वाढवणारा आतला पंखा) एकाच दिशेने फिरू देणारा वन-वे क्लच घसरतोय. चढाला ठीक, पण वरच्या वेगाला दम कोंडतो आणि ऑइल तापतं, म्हणजे स्टेटर जाम. ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून पाणी शिरलंय. तेव्हा रेडिएटर आधी. कन्व्हर्टर वेल्डिंग केलेला बंद डबा असल्याने आतून धुता येत नाही. बदलायचा किंवा कापून दुरुस्त करून घ्यायचा.

नवा येईपर्यंत जुना भंगारात देऊ नका. व्हर्निअर घेऊन दोन्ही शेजारी ठेवून मोजा: गिअरबॉक्सच्या पंपात शिरणाऱ्या हबचा बाहेरचा व्यास, क्रँकमध्ये बसणारा पायलट, आतले स्प्लाइनचे (शाफ्ट अडकतो त्या खाचांचे) दाते, फ्लेक्सप्लेटच्या (क्रँकला लावलेली पातळ तबकडी) बोल्टचं वर्तुळ. फोर्ड सी-४ ला कन्व्हर्टरच्या बाजूला 1969 पर्यंत 24 दाते, पुढे 26. जनरल मोटर्सच्या टर्बो ३५० ला वर्तुळ 10.75 किंवा 11.5 इंच. त्याच गिअरबॉक्सच्या नंतरच्या लॉक-अप प्रकाराचा (घसरण थांबवणारा क्लच आत असलेला) कन्व्हर्टर साध्याला चालत नाही. पायलटवर गंज असेल (आपल्या गोव्याच्या खाऱ्या हवेत असतोच) तर बारीक पॉलिश पेपरने काढा. व्यास कमी होईल इतकं घासू नका.

आता स्टॉल स्पीड, म्हणजे गाडी गिअरमध्ये ठेवून ब्रेकने अडवली असताना पूर्ण ॲक्सिलरेटरला इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत जातं तो आकडा. दुकानदार जास्त स्टॉलचा, लहान व्यासाचा गळ्यात मारू पाहतो. तो रेसच्या इंजिनासाठी. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून किंवा चोर्ला घाट चढताना इंजिन स्टॉलच्या खालीच फिरत राहतं, कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ती सगळी ताकद ऑइल तापवण्यात जाते. मूळ इंजिन असेल तर मूळ स्टॉलच घ्या. इंजिन जास्त टॉर्कचं बसवलं असेल तर तोच कन्व्हर्टर आपोआप थोडा वर स्टॉल होतो, हेही धरा. ऑइल 80 ते 95 अंशांत राहिलं पाहिजे. 120 च्या वर ते जळायला लागतं. वेगळा कूलर लावणं इथे चैन नाही.

बसवण्याआधी कूलर आणि पाइप धुवा, नाहीतर जुना चुरा नव्यात जाईल. कन्व्हर्टरमध्ये लिटरभर ऑइल ओता, मग फिरवत आत ढकला. शाफ्ट, स्टेटर आणि पंप अशा तीन टप्प्यांत तो खाली बसतो. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाकडचं तोंड) इंजिनाला पूर्ण टेकल्यावरही तो हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत साधारण 3 ते 5 मिमी फट हवी. फट नसेल तर मेस्त्री बोल्टने खेचून बसवायला बघेल. थांबवा त्याला. तिथेच पंपाचे दाते मोडतात. बोल्टही मूळ लांबीचेच. लांब बोल्ट कव्हरला आतून पोक काढतो.

शेवटी ऑइल गरम करून लेव्हल तपासा आणि स्टॉल टेस्ट घ्या: चाकांना अडण, दोन्ही ब्रेक, समोर कोणी उभं नको. पाच सेकंदांच्या वर ॲक्सिलरेटर दाबून धरू नका. दुसऱ्यांदा घेण्याआधी न्यूट्रलमध्ये निदान मिनिटभर इंजिन चालू ठेवा.