एन्जॉय मनी प्लांट: पानातला पांढरा टिकवायचा कसा

साधा मनी प्लांट मुंबईत बाटलीत खुपसून विसरला तरी जगतो. त्याच भरवशावर छोट्या पानांचा, हिरवा-पांढरा ‘एन्जॉय’ घरी आणला की दोन-तीन महिन्यांत पांढऱ्या भागावर तपकिरी डाग दिसायला लागतात. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. म्हणजे पानातला हिरवा तुकडा कमावतो आणि अख्खं पान खातं. म्हणून हा वेल सावकाश वाढतो, पाणी कमी पितो आणि उजेड मात्र जास्त मागतो. पुढची सगळी काळजी या एका गोष्टीवरून ठरते.

घेताना पानांइतकंच देठाकडे आणि खोडाकडे बघा. खोडावर पांढऱ्या-हिरव्या रेघा असतील तर पुढची पानंही चितकबरी येण्याची शक्यता चांगली. खोड सलग हिरवं असेल तर रोप स्वस्त मिळालं तरी सोडून द्या. ‘पर्ल्स अँड जेड’ ही याची जवळची बहीण, दोघीही ‘मार्बल क्वीन’ या मनी प्लांटच्या जातीमधून आलेल्या. एन्जॉयचा पांढरा बराचसा स्वच्छ असतो, पर्ल्स अँड जेडच्या पांढऱ्यात हिरव्या-करड्या रंगाचे शिंतोडे असतात. सांभाळायची पद्धत एकच.

नर्सरीतून बरेचदा घट्ट लाल मातीचा गोळा मिळतो. बाहेर तो चालतो, घरात आठवडाभर ओला राहतो आणि मुळं गुदमरतात. चार इंची कुंडीसाठी दोन वाट्या कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटी परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे), एक वाटी मुरलेलं गांडूळखत आणि मूठभर लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे घ्या. कोकोपीटची वीट भिजवून दोनदा पाण्यातून काढून पिळा, त्यात क्षार असतात. जुनी माती पाण्यात बुडवून हलक्या हाताने सोडवा, ओढू नका. नवी कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा बोटभरच रुंद हवी. भोकं पाडलेला अर्धा किलो श्रीखंडाचा डबाही चालतो. मोठ्या कुंडीत रोप लवकर मोठं होतं हा समज इथे महागात पडतो, कारण न वापरलेली माती पाणी धरून बसते. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका, भर पावसात नको.

आता उजेड. पूर्वेची खिडकी सर्वांत बरी, सकाळचं कोवळं ऊन तासभर लागलं तरी चालतं. पश्चिमेच्या खिडकीपासून तीन फूट आत ठेवा किंवा पातळ पडदा लावा, दुपारचं ऊन पांढऱ्या भागाला थेट भाजतं. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन पार आत येतं, तेव्हा कुंडी मागे सरकवा. उत्तरेची खिडकी निर्धोक वाटते, पण मेच्या मध्यापासून सूर्य मुंबईच्या माथ्यावरून उत्तरेला सरकतो आणि सकाळ-संध्याकाळ तिथेही ऊन शिरतं. दुपारी बारा वाजता कुंडीच्या जागी तळहात आडवा धरा. सावली पुसट पण ओळखू येण्याजोगी पडली तर जागा योग्य. सावलीच पडत नसेल तर नवी पानं हिरवी आणि कांड्या लांब येतात. जुलै-ऑगस्टमध्ये, समोर दुसरी इमारत असेल तर अधिकच, साध्या पांढऱ्या एलईडी बॅटनखाली (ट्यूबलाइटसारखी पट्टी) फूटभर अंतरावर रोज दहा-बारा तास ठेवा.

पाण्याला वार ठरवू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तरच खालून निथळेपर्यंत पाणी द्या आणि बशीतलं पाणी लगेच ओता. एप्रिल-मेमध्ये हे चार-पाच दिवसांनी येतं, पावसाळ्यात दहा-बारा दिवसही लागतात. महापालिकेचं तलावाचं पाणी या झाडाला ठीक आहे. टँकर किंवा बोअरचं असेल तर मातीवर पांढरा थर चढतो, तेव्हा महिन्यातून एकदा भरपूर पाणी ओतून क्षार धुऊन काढा. खत म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही ओल्या मातीत. पावसाळ्यात खत बंद.

डाग वाचायला शिका. खिडकीकडच्याच बाजूला कुरकुरीत, फिकट तपकिरी चट्टा म्हणजे ऊन. मऊ, काळपट आणि भोवती पिवळी कड म्हणजे सतत ओली माती. पान मलूल आणि कुंडी हलकी असेल तर तहान आहे, पाणी द्या, संध्याकाळपर्यंत उभं राहतं. पान मलूल आणि कुंडी जड असेल तर आणखी पाणी घालणं हीच खरी चूक. रोप काढा, साल निसटणारी तपकिरी मुळं कापा, टणक पांढरट ठेवा आणि कोरडसर नव्या मिश्रणात लावा.

एखादी फांदी सलग हिरवी यायला लागली तर शेवटच्या चितकबऱ्या पानाच्या डोळ्याच्या (पान खोडाला जुळतं तिथला, नवा फुटवा येणारा सांधा) वर कापून टाका, हिरवी फांदी जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकते. पूर्ण पांढरी फांदी सुंदर दिसते, पण ती फुकट खाणारी, तीही कापा.

वर चढवायचं असेल तर काथ्याची काठी रोप लावतानाच रोवा, नंतर खुपसली तर मुळं तुटतात. हवेतली मुळं जिथून फुटतात ती बाजू काठीकडे करून मऊ सुती दोऱ्याने कांड्याला बांधा, देठाला नाही. काठी ओलसर ठेवली तरच मुळं धरतात. वेल विरळ वाटला तर शेंडा खुडा, खालचे डोळे फुटतात.

कलम उसाच्या बेण्यासारखं समजा, डोळा नसेल तर पान वर्षभर पाण्यात राहिलं तरी त्याचं रोप होत नाही. दोन डोळ्यांचा तुकडा, खालच्या डोळ्याखाली एक सेंटिमीटरवर काप, खालचं पान काढलेलं, असा तुकडा पाण्याच्या बाटलीत ठेवा. मुळं दोन इंच झाली की मातीत लावा. बाटलीतलं पाणी तीन-चार दिवसांनी बदला आणि आतली बाजू घासा, कारण डेंग्यूचा एडिस डास अंडी पाण्याच्या कडेला भांड्यालाच चिकटवतो. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं तपासणीला आली की याच बाटल्या आणि बश्या आधी बघतात.

देठाच्या बगलेत कापसासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ७० टक्के अल्कोहोलच्या कापसाने पुसा, मग एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली भांड्यांचा लिक्विड साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारा. आठवड्याने परत, असं तीनदा. एसीसमोर ठेवलेल्या रोपावर लाल कोळी येतो, तिथे आधी जागा बदला.

कापताना निघणारा चीक हाताला खाजतो. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर तोंड सुजतं. घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर कुंडी वर टांगा आणि लोंबणाऱ्या फांद्या आखूड ठेवा.