डायल-अप मोडेमची परिभाषा कशी समजून घ्यावी

टेलिफोनवरून नंबर फिरवून जोडले जाणारे डायल-अप इंटरनेट घराघरांतून गेले असले, तरी त्याची परिभाषा गेलेली नाही. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत जुन्या सीएनसी यंत्राला, म्हणजे संगणकीय आज्ञांवर चालणाऱ्या यंत्राला, संगणकावरून प्रोग्राम पाठवायचा झाला, की बॉड रेट, पॅरिटी आणि स्टॉप बिट याच संज्ञांशी गाठ पडते. त्या सुट्या पाठ न करता, माहिती ज्या वाटेने जाते त्याच क्रमाने समजून घ्याव्यात.

सुरुवात संगणक आणि मोडेम, म्हणजे संगणकाला टेलिफोनच्या तारेशी जोडणारे उपकरण, यांच्यामधील केबलपासून करावी. या सिरियल जोडणीत बिट, म्हणजे ० किंवा १ हे अंक, एकामागून एक जातात. त्यामुळे अक्षर कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे कळावे म्हणून प्रत्येक अक्षरापूर्वी स्टार्ट बिट आणि शेवटी स्टॉप बिट जोडला जातो. चूक ओळखण्यासाठी पॅरिटी बिटही जोडता येतो. ‘८-एन-१’ या सेटिंगचा अर्थ आठ डेटा बिट, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट असा आहे. म्हणजे स्टार्ट बिट धरून एका अक्षरामागे दहा बिट खर्ची पडतात आणि सेकंदाला ९६०० बिट या वेगाने जास्तीत जास्त ९६० अक्षरे जातात. पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटू लागली, तर दोन्ही टोकांची ही सेटिंग जुळते की नाही, हे सर्वांत आधी पाहावे.

पुढचा टप्पा टेलिफोनच्या तारेचा. ही वाहिनी माणसाच्या आवाजासाठी, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपुरती बांधलेली असते. म्हणून मोडेम बिटांना ऐकू येणाऱ्या वाहक लहरीवर, म्हणजे कॅरियरवर चढवतो. पलीकडचा मोडेम ते उतरवून घेतो. ‘नो कॅरियर’ हा संदेश आल्यास ती लहर मिळाली नाही किंवा मध्येच तुटली, असे समजावे.

नंबर फिरवण्याची आज्ञा ‘एटीडीटी’ ही आहे. सुरांऐवजी विद्युत ठोक्यांनी नंबर ओळखणाऱ्या जुन्या पल्स एक्स्चेंजसाठी ‘एटीडीपी’ वापरावी. ‘एटी’ने सुरू होणाऱ्या या आज्ञा हेज कंपनीच्या १९८१ मधील स्मार्टमोडेमपासून रूढ झाल्या. कार्यालयात शून्य दाबून बाहेरची लाइन मिळत असेल, तर शून्यानंतर स्वल्पविराम द्यावा. मोडेम तेथे साधारण दोन सेकंद थांबतो आणि मगच पुढचा नंबर लावतो. त्यानंतर ऐकू येणारा कर्कश आवाज म्हणजे हँडशेक, अर्थात दोन मोडेमनी आपसांत वेग ठरवणे.

सर्वाधिक गोंधळ बॉड आणि बिट यांत होतो, आणि जाणकारही तो सर्रास करतात. तारेवरील संकेत सेकंदाला किती वेळा बदलतो, ते बॉड. मोडेमच्या व्ही.२२ बिस या मानकात ६०० बॉडच्या प्रत्येक संकेतात चार बिट भरलेले असल्याने वेग २४०० बिट होतो. सिरियल केबलवर मात्र एका संकेतात एकच बिट असतो, म्हणून सीएनसीच्या सेटिंगमध्ये दोन्ही आकडे एकच निघतात.

‘कनेक्ट ११५२००’ असा संदेश पाहून हुरळून जाऊ नये. तो संगणक ते मोडेम या केबलचा वेग असतो. १९९८ च्या व्ही.९० मानकातही टेलिफोनच्या तारेवर येणाऱ्या माहितीची कमाल मर्यादा ५६,००० बिट आणि जाणाऱ्या माहितीची ३३,६०० बिट आहे.