दोन्ही कानांचं ऑपरेशन करायचं असेल तर

मी एसटीत कंडक्टर. खंबाटकीच्या चढाला इंजिन घरघरत असताना प्रवासी काय म्हणतोय ते मला बरोबर कळायचं, आणि घरच्या शांततेत सासूबाईंचं बोलणं ऐकू यायचं नाही. "सोयीचं तेवढं ऐकते," असं घरात ठरूनच गेलं होतं. तुमचंही असं होत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ओटोस्क्लेरोसिस असू शकतो. शाळेत कानातली तीन हाडं शिकलो, हातोडी, ऐरण, रिकीब, त्यातली जेमतेम ३ मिमीची रिकीब जाम होते. बहुतेकांच्या दोन्ही कानांत.

आधी ऑडिओमेट्री करा. कागदावर प्रत्येक कानाच्या दोन रेषा असतात: एक हेडफोनची, दुसरी कानामागच्या हाडाला यंत्र टेकवून घेतलेली. हाडाची चांगली आणि हेडफोनची खाली असेल तर रिकिबीच्या ऑपरेशनचा उपयोग. दोन्ही सारख्याच खाली असतील तर दोष आतल्या कानाचा किंवा नसेचा. तिथे हे ऑपरेशन कामाचं नाही. श्रवणयंत्र लावून बघणं हाही चांगला मार्ग आहे, त्यात कमीपणा कसला? खर्चासाठी फुले योजनेत बसतं का, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा.

दोन्ही कान एकदम करून घेऊ नका. शंभरात एखाद्याचा कान ऑपरेशननंतर पूर्ण जातो. म्हणून जास्त खराब कान आधी, आणि तो नीट स्थिरावला की बऱ्याच महिन्यांनी दुसरा. "तुम्ही ही ऑपरेशनं किती केलीत?" हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा.

माझं ऑपरेशन फक्त कानापुरती भूल देऊनच झालं. पडदा बाजूला करून रिकिबीच्या तळाला बारीक छिद्र पाडतात आणि त्यात टेफ्लॉनचा पिस्टन बसवतात. टेबलावरच डॉक्टरांनी हळूच विचारलं, "ऐकू येतंय?" आलं! मग कानात पट्टी भरली आणि पुन्हा सगळं बंद.

नंतर चक्कर येते, जिभेची एक बाजू काही काळ बेचव लागते. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, वजन उचलायचं नाही, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. घाटातली ड्युटी आणि विमान डॉक्टर सांगतील तेव्हाच. गरगरणं अचानक वाढलं किंवा ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी दाखवा.

एका कानानं बोलणं कळायला लागलं, पण भांड्यांचा आवाज नकोसा व्हायचा. दुसरा कान झाल्यावर दिशा कळू लागली: हॉर्न कुठून वाजला, मागच्या कुठल्या सीटवरून "ओ ताई" आलं.