देवळालीच्या पॅरा टीए भरतीची तयारी, नोकरी सांभाळून

प्रादेशिक सेनेला मैदानावर सगळे टीए म्हणतात. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिच्या पायदळ पलटणींपैकी पॅरा म्हणजे विमानातून पॅराशूटने उतरणाऱ्या छत्रीधारी पलटणी अगदी मोजक्या असून त्यांतली ११६ वी आपल्या देवळालीत आहे. नाशिकच्या तरुणाला ही संधी दाराशी आहे; मात्र ही कायमची नोकरी नव्हे, हे आधी नीट समजून घ्यावे. स्वतःच्या उपजीविकेचे साधन असलेल्या नागरिकाने वर्षातून साधारण दोन महिने प्रशिक्षण घ्यावे आणि देशाला गरज पडेल तेव्हा गणवेशात हजर व्हावे, अशी तिची रचना आहे. त्यामुळे अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात पाळी करणारा, निफाडकडे द्राक्षबाग सांभाळणारा किंवा स्वतःचे दुकान चालवणारा उमेदवार इथे उपरा ठरत नाही.

वयोमर्यादा १८ ते ४२ वर्षे आहे. सोल्जर जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ टक्के गुण लागतात. उंची १६० सेंटिमीटर, वजन ५० किलो आणि छाती ७७ सेंटिमीटर असून ती फुगवून ८२ भरली पाहिजे. जाहिरात निघाली की ती ओळीओळीने वाचावी आणि मूळ कागदपत्रे, साक्षांकित प्रती, चारित्र्याचा दाखला व फोटो यांची फाइल त्याच आठवड्यात तयार करावी. आधार कार्ड आणि दहावीचे प्रमाणपत्र यांवरील नावात एका अक्षराचा जरी फरक असला, तरी तो आधीच दुरुस्त करून घ्यावा, कारण रांगेत उभे राहिल्यावर त्याला इलाज नसतो.

खरी कसोटी १६०० मीटरची आहे. सैन्याच्या भरतीत साडेपाच मिनिटांच्या आत आल्यास पूर्ण ६० गुण मिळत आले आहेत, म्हणून तेच लक्ष्य धरावे. ४०० मीटरच्या चार फेऱ्या धरल्या, तर प्रत्येक फेरीला सुमारे ८२ सेकंद मिळतात, आणि बहुतेक मुले नेमकी इथेच चुकतात. मी माझ्या पहिल्या भरतीत पहिली फेरी ७० सेकंदांत मारली, तिसऱ्या फेरीत बरगडीखाली कळ आली आणि ज्यांना मी मागे टाकले होते ते एकेक करून माझ्या पुढे निघून गेले. म्हणून सरावात घड्याळ लावून पहिली फेरी मुद्दाम रोखून धरावी, दुसरी आणि तिसरी त्याच लयीत काढावी आणि चौथीत उरलेले सगळे ओतावे. मैदानावर एका वेळी मोठी तुकडी सुटते व पहिल्या वळणावर कोपरे लागतात, त्यामुळे आतली कड सोडून जरा बाहेरून पळणे शहाणपणाचे असते. रोजच्या रनिंगला गोल्फ क्लब मैदानाचा ट्रॅक पुरेसा आहे. पायांत ताकद येण्यासाठी आठवड्यातून एकदा पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढाव्यात, पण उतरताना धावू नये, गुडघे दुखावतात.

धावण्यानंतर दम लागलेला असतानाच बीम, म्हणजे दांड्याला लटकून अंग वर खेचण्याचे पुल-अप्स, मारावे लागतात. १० बीमला ४० गुण असतात, सहापेक्षा कमी निघाले तर उमेदवार बाद होतो. हात पूर्ण सरळ करून हनुवटी दांड्याच्या वर न नेलेला बीम मोजला जात नाही, म्हणून सरावात झोके न घेता मोजावेत आणि तेही पळून आल्याबरोबर, घामेजल्या तळव्यांनी. ९ फुटांची खंदक-उडी आणि झिगझॅग तोल (नागमोडी अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालणे) यांना गुण नसतात, त्यांत फक्त पात्र व्हावे लागते. आठवडाभर सराव केला तरी भागते.

मेडिकलमध्ये चांगले पळणारेही अडकतात. कानातला मळ, किडलेले दात, सपाट तळवे, एकमेकांना घासणारे गुडघे या गोष्टी दोन-तीन महिने आधीच डॉक्टरांना दाखवाव्यात, कारण त्यांतल्या पहिल्या दोन सहज सुधारतात.

पॅरा हा शब्द मात्र भरतीच्या दिवशी संपत नाही. छत्रीधारी सैनिक स्वेच्छेने आलेला असतो, प्रोबेशनमध्ये त्याची कस पाहिली जाते आणि आग्र्याच्या प्रशिक्षण शाळेत पॅराशूटच्या पाच उड्या पूर्ण केल्यावरच छातीवर पंखांचे चिन्ह लागते. महेंद्रसिंह धोनी टीएच्या १०६ व्या पॅरा पलटणीत मानद लेफ्टनंट कर्नल आहे. त्यानेही २०१५ साली आग्र्याला पाच उड्या पूर्ण केल्या, तेव्हाच त्याला ते पंख मिळाले. उंचीची भीती असेल तर ती आत्ताच स्वतःपाशी कबूल करावी.

शेवटचे काम कारखान्यातल्या साहेबांकडे आहे. लष्करी सेवेसाठी बोलावलेल्या टीएच्या जवानाला परत कामावर घेण्याची तरतूद प्रादेशिक सेना कायद्यात आहे. तिची माहिती घेऊन, भरतीचा अर्ज भरण्याआधीच त्यांच्यासमोर बसून बोलावे आणि घरच्यांनाही त्या दोन महिन्यांचा हिशेब सांगावा.