जुन्या मोटरबोटीला बो थ्रस्टर: भोक पाडणं सोपं, नळी बसवणं अवघड

नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर वारा सुटला की वीस-बावीस फुटी जुनी मोटरबोट धक्क्याला लावताना भल्याभल्यांचा जीव मेटाकुटीला येतो. वेग कमी केला की सुकाणू पाणी धरत नाही आणि हलकं नाक वाऱ्याबरोबर भलतीकडे जातं. बो थ्रस्टर नेमकं इथेच उपयोगी पडतो. बोटीच्या पुढच्या भागात, पाण्याखाली, एक नळी आडवी आरपार बसवलेली असते. तिच्यातला विजेवरचा पंखा पाणी एका बाजूने ओढून दुसऱ्या बाजूला फेकतो आणि नाक सरकतं. बोट वेगात असेल तर त्याचा उपयोग शून्य.

माझं काम नाशिकमधल्या अंबडच्या शेडमध्ये चालतं. किनाऱ्यावरच्या बोटीसुद्धा ट्रेलरवरून कसारा घाट चढून इथे येतात, कारण फायबरला इथली कोरडी हवा मानवते. तरी महिना निवडावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या थंडीने इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारी चिकट राळ) नीट आवळत नाही, एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ती डब्यातच तापते आणि पावसाळ्यात सगळं दमट असतं. म्हणून हे काम मी फेब्रुवारी-मार्चमध्येच हातात घेतो.

आधी नळी बसेल का ते बघा. लहान बोटीला ११० मिलिमीटर व्यासाची नळी पुरते. ती जितकी पुढे तितका जोर जास्त, पण नळीची वरची कड पाण्याच्या रेषेखाली हवी. निम्म्या व्यासाएवढी खोली चालते असं सांगणारे भेटतील. मी पूर्ण व्यासाएवढी घेतो. नळी उथळ बसली की पंखा हवा ओढतो, नुसता आवाज होतो आणि नाक जागचं हलत नाही. पाण्याची रेष बोट रिकामी, टाकी रिकामी आणि दोन माणसं मागे उभी असताना आखा, कारण नाक सगळ्यात वर तेव्हाच असतं. धरणात रेष आखलीत आणि बोट पुढे समुद्रात जाणार असेल, तर हाताच्या बोटाच्या रुंदीएवढी खोली जास्त ठेवा. खाऱ्या पाण्यात बोट जरा वर तरंगते. पुढचा भाग एवढा खोल नसेल तर नळीचा नाद सोडा.

आखणीला पाणसळ आणि ओळंबा वापरा. मधली रेष धरून दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडा आणि त्यांतून सरळ सळई आरपार घाला. सळईला वाकवलेली तार नळीच्या बाहेरच्या त्रिज्येएवढ्या अंतरावर बांधा आणि सळई फिरवत तारेच्या टोकाने बोटीवर रेघ ओढा. बोटीची बाजू तिरकी असल्याने आकार गोल न येता अंड्यासारखा येतो, आणि तोच बरोबर असतो. इथे गोल होल सॉ लावू नका. रेघेच्या किंचित आतून जिगसॉने (बारीक पात्याच्या विजेच्या करवतीने) कापा आणि उरलेलं घासून नळी घट्ट बसेल एवढं भोक मोठं करा.

आता खरं काम. पहिल्यांदा मी सगळ्यांचं ऐकून साधं पॉलिस्टर रेझिन (फायबरच्या बोटींची नेहमीची राळ) आणि मॅट (काचेच्या तुटक तंतूंची चादर) वापरली, आतून दोन थर, बाहेरून एक. दिसायला काम सुंदर झालं होतं. सातव्या महिन्यात नळीच्या वरच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर पडली आणि बोटीच्या पोटात पाणी आलं. खोललं तेव्हा नवा थर सालासारखा हाताने निघाला. जुनं फायबर पूर्ण वाळलेलं असतं. त्यावर नवं पॉलिस्टर रासायनिकरीत्या जोडलं जात नाही, फक्त ओरखड्यांना धरून राहतं. म्हणून इथे इपॉक्सी वापरा. महाग आहे म्हणून इथेच हात आखडता घेऊ नका.

इपॉक्सीबरोबर नेहमीची मॅट घेऊ नका. तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीन या द्रवात विरघळतो, इपॉक्सीत नाही. मॅट कडक राहते आणि कोपऱ्यात बसतच नाही. शिवलेलं काचेचं कापड मागवा.

कापलेली कड नीट बघा. जुन्या बोटींत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लाय किंवा बाल्साचं हलकं लाकूड असतं आणि ते अनेकदा काळं, ओलं, कुजकट वासाचं निघतं. तसं दिसलं तर थांबा. कुजलेलं सगळं काढा, उरलेलं बल्ब लावून वाळवा. लाकूड चांगलं असलं तरी कडेपासून १५ मिलिमीटर आतपर्यंत कोरून ती खाच घट्ट इपॉक्सीने भरा, म्हणजे पाणी कधीच लाकडापर्यंत पोचणार नाही. सुकलं की नाही ते बघायला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ऊन लागल्यावर आतून थेंब दिसले तर अजून आठवडा थांबा. गिऱ्हाईक रोज फोन करेल. तरी थांबा.

मग ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतरच घासा. आधी घासलं तर जुनं मेण आणि तेल ओरखड्यांत भरतं आणि पुसूनही निघत नाही. भोकाभोवती बोटीच्या जाडीच्या १२ पट रुंदीचा उतार घासा; जाडी ६ मिलिमीटर असेल तर ७२ मिलिमीटर. जेलकोट, म्हणजे बोटीचा बाहेरचा चकचकीत थर, पूर्ण काढा. नळीही बाहेरून घासा, तिची चकाकी उरता कामा नये. नळी बसवल्यावर आतल्या कोपऱ्यात सिलिकाची पूड घातलेल्या घट्ट इपॉक्सीची गोलाई द्या. काटकोनात कापड वळत नाही, मागे पोकळी राहते आणि चीर तिथूनच सुरू होते.

इपॉक्सी थोडी थोडी कालवा आणि कालवल्यावर पसरट ताटात ओता, कारण खोल डब्यात ती स्वतःच्याच उष्णतेने धुरावते. हार्डनर सावकाश आवळणारा घ्या. एका दमात तीनपेक्षा जास्त थर लावू नका. दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. तो साध्या पाण्याने घासून धुवा, वाळवा, खरवडा आणि मगच पुढचे थर द्या. एकूण जाडी बोटीच्या मूळ जाडीपेक्षा कमी नको. बाहेर नळीची टोकं कापून कडा गोल करा. धारदार कडेवर पाणी भोवरे घेतं आणि जोर वाया जातो.

मोटर कंपनीच्या कागदी साच्यावरून बसते, त्यात अवघड काही नाही. पेट्रोलची बोट असेल तर मात्र ठिणगी बाहेर पडणार नाही अशी बंदिस्तच मोटर घ्या. पेट्रोलची वाफ तळाशी साठते आणि उघड्या मोटरची एक ठिणगी माणसांचा जीव घेऊ शकते. यात मी कुणाचं ऐकत नाही.

दीड किलोवॅटची मोटर १२ व्होल्टवर १५० ते २०० अँपिअर ओढते. बॅटरी पुढेच, मोटरजवळ ठेवा, केबल जाड घ्या, फ्यूज बॅटरीला लागून बसवा. बॅटरीच्या वजनाने नाकही जरा खाली बसतं, तेवढी खोली वाढते. धरणात राहणाऱ्या बोटीला मॅग्नेशियमचा ॲनोड (थ्रस्टरचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा तुकडा) लावा. जस्ताचा ॲनोड गोड्या पाण्यात काम करत नाही, तो समुद्रासाठी.

बोट पाण्यात उतरवल्यावर नळीभोवती आतून कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून रात्रभर ठेवा. तासाभराने बघून खूश होऊ नका, बारीक झिरप तासात दिसत नाही. थ्रस्टर दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी वापरा, आणि दिशा बदलताना मध्ये क्षणभर थांबा, नाहीतर गिअरचे दात जातात. महिनाभराने आतला वरचा कोपरा पुसून त्यावरून हाताचं बोट फिरवा. माझी चीर तिथेच पडली होती.