मुलांच्या प्रगतीचं कौतुक करताना या चुका टाळा

१ मेला प्रगतिपुस्तक हातात पडतं आणि पालकांची नजर थेट श्रेणीवर जाते. पहिली गफलत तिथेच होते. क-२ ही श्रेणी ४१ ते ५० टक्क्यांची. पहिल्या सत्रात ४२ वर असलेली मुलगी दुसऱ्या सत्रात ५० वर पोहोचली, तरी श्रेणी तीच राहते आणि घरी तिला ऐकावं लागतं, "पुन्हा क-२च?" सहावीला शिकवताना हे मी दरवर्षी पाहते आणि दरवर्षी जीव तुटतो.

म्हणून श्रेणीआधी 'विशेष प्रगती'ची नोंद वाचा. आम्हा शिक्षकांनीही तिथे सगळ्या वर्गाला 'प्रगती चांगली' हे एकच वाक्य उतरवू नये. 'भागाकाराचा ताळा आता स्वतःहून करते' असं लिहिलं, तर पोरीला कळतं की बाईंनी आपल्याकडे पाहिलंय.

जुन्या वह्या रद्दीत घालण्याची घाई करू नका. "बाई, मला अपूर्णांक जमतच नाहीत," म्हणत एक मुलगी वही मिटून बसली होती. मी तिचीच ऑगस्टमधली वही काढली. तिथे १/२ + १/३ = २/५ लिहिलेलं. अंशात अंश, छेदात छेद मिळवलेला. शेजारी तिचं नुकतंच लिहिलेलं पान ठेवलं: दोनदा खोडलेलं, पण छेद समान करून ३/६ + २/६ = ५/६. बराच वेळ ती दोन्ही पानं पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, २/५ तर अर्ध्यापेक्षाही कमी! अर्ध्यात मिळवून कमी कसं येईल?" टाळ्या वाजवायच्या त्या अशा वेळी. आम्ही वाजवल्या.

"किती हुशार गं तू!" हे कौतुकही जपून करा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. हुशारीची स्तुती झालेली मुलं पुढचे प्रश्न अवघड निघताच लवकर खचली. मेहनतीची स्तुती झालेली मुलं चिकटून राहिली. मात्र पद्धतच चुकत असेल, तर नुसतं "छान मेहनत केलीस" म्हणून भागत नाही. काय बदललं म्हणून जमलं, ते नेमकं सांगा.

गुणगौरव समारंभात पहिल्या तिघांचा सत्कार जरूर करा, पण सत्रभरात वाचन सुधारलेल्या मुलालाही मंचावर बोलवा. सायकलचं आमिष आणि मोठ्या भावाशी तुलना, दोन्ही नकोत.

आणि मूल "मला येत नाही" म्हणालं, तर "येतं रे तुला" म्हणून विषय संपवू नका. "कुठल्या पायरीपर्यंत येतं?" असं विचारा. बहुतेक वेळा ते तिसऱ्या-चौथ्या ओळीवर बोट ठेवतं. वरच्या ओळींवर बरोबरची खूण करा आणि तिथूनच पुढे शिकवा.